टेट्रिसवरचा लेख तपासताना मी काय बघते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: माध्यम अभ्यासाच्या वर्गात एखाद्या जुन्या व्हिडिओ गेमवरच्या विकिपीडिया लेखाचं मूल्यमापन करायला सांगितलंय. तुम्ही टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचून ओळी भरायचा खेळ, घेतलाय, इंग्रजी लेख दोनदा वाचलाय आणि आता अडलाय. ‘मला तर सगळं बरोबरच वाटतंय, एकही चूक सापडत नाही. मग लिहू कशावर?’

मी महाविद्यालयात ग्रंथपाल होते आणि गेली सोळा वर्षं विकिपीडियावर लेख तपासण्याचं काम करते, त्यातले बरेचसे जुन्या खेळांवरचे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चूक सापडत नाही ही तुमची खरी अडचण नाहीच. तुम्ही लेख उत्तरपत्रिकेसारखा तपासताय, आणि उत्तरपत्रिका तपासायची तर बरोबर उत्तर आधीच हाताशी लागतं. हा खेळ जिथे जन्मला त्या मॉस्कोतल्या संगणक केंद्रात चाळीस वर्षांपूर्वी काय घडलं ते बघायला आपण कोणीच तिथे नव्हतो. तेव्हा ‘हे खरं आहे का?’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. त्याऐवजी प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याला विचारा, ‘हे लिहिणाऱ्याला कुठून कळलं? आणि ज्याच्याकडून कळलं, त्याला ते कसं माहीत?’ हा प्रश्न लावला की दोनदा वाचून गुळगुळीत वाटलेल्या लेखात पुष्कळ खाचखळगे दिसायला लागतात.

मराठी विश्वकोशातली कुठलीही नोंद काढून बघा, शेवटी लेखकाचं नाव असतं. वाईला बसून संपादकांनी ती नोंद तज्ज्ञाकडून लिहून घेतलेली असते, आणि आपण विश्वास टाकतो तो त्या नावावर आणि संपादकांवर. विकिपीडियाच्या लेखाखाली सही नसते. एका लेखाला शेकडो हात लागलेले असतात आणि त्यातले बहुतेक टोपणनावांचे. तिथे विश्वास ठेवायला जागा एकच, वाक्याच्या शेवटी चढवलेला तो संदर्भाचा छोटा आकडा. मूल्यमापन म्हणजे मुख्यतः त्या आकड्यांचा पाठलाग.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. लेख रोज बदलू शकतो, त्यामुळे माझं आणि तुमचं निरीक्षण जुळेलच असं नाही. तुम्ही वाचलेल्या आवृत्तीची तारीख टिपून ठेवा आणि लेखातला प्रत्येक बदल जिथे नोंदलेला असतो त्या इतिहासाच्या पानावरून त्याच आवृत्तीचा कायमचा दुवा घ्या. नाहीतर तुमचं लिखाण एका लेखाबद्दल असेल आणि शिक्षक उघडतील तो दुसराच. लेख कुठल्या कामासाठी तपासताय यावरही निकष बदलतो. खेळाची तोंडओळख हवी असलेल्या वाचकाला जो लेख पुरेसा, तोच कायद्याच्या विद्यार्थ्याला अपुरा वाटेल. तुमच्या शिक्षकांनी हेतू सांगितला नसेल तर तुम्ही तो पहिल्याच परिच्छेदात ठरवून टाका.

आता प्रत्यक्ष कामाकडे. मी सुरुवात सालापासून करते, कारण साल हे सगळ्यात निरुपद्रवी दिसणारं विधान असतं.

टेट्रिस अलेक्सी पाजितनोव्ह यांनी मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या दोरोदनित्सिन संगणक केंद्रात, इलेक्ट्रॉनिका ६० नावाच्या यंत्रावर बनवला. इथपर्यंत वाद नाही. पण कधी? ‘द टेट्रिस कंपनी’ ६ जून १९८४ हा खेळाचा वाढदिवस मानते आणि २०२४ मध्ये तिने चाळिशी साजरी केली. दुसरीकडे, आयबीएम पीसीवरची आवृत्ती ज्यांनी लिहिली ते वादिम गेरासिमोव्ह. त्यांचा जन्म १९६९ चा, आणि त्या काळी आपण सोळा वर्षांचे होतो असं ते सांगतात. सोळा वर्षांचे म्हणजे १९८५ च्या मध्यापासून १९८६ च्या मध्यापर्यंत कधीतरी. त्यांनी सांगितलेला घटनाक्रम १९८५ कडे झुकतो.

इथे घाई करू नका. एवढ्यावरून १९८४ खोटं ठरत नाही. मूळ खेळ आधी झाला आणि पीसीची आवृत्ती वर्षभराने आली, असंही असू शकतं. माझं म्हणणं एवढंच की दोन्ही सालांमागे आठवणी आहेत, आणि बऱ्याच वर्षांनी सांगितलेल्या. त्यातली एक तारीख अशा कंपनीची आहे, जिचा धंदाच या खेळावर चालतो. कंपनी खोटं बोलते असं मी म्हणत नाही. पण वाढदिवस साजरा करणाऱ्याकडून आलेली नेमकी तारीख आणि त्या वर्षीच्या एखाद्या कागदावरची तारीख, यांचं वजन सारखं नाही.

म्हणून लेखातलं साल शोधा. एकच साल ठामपणे दिलंय का? त्याला संदर्भ कोणाचा? दुसऱ्या सालाचा उल्लेख लेखात कुठे तरी आहे का, की सापडलेलाच नाही? ‘कंपनीच्या मते अमुक, गेरासिमोव्ह यांच्या सांगण्यानुसार तमुक’ असं लिहिणारा लेख मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्याने मतभेद वाचकापासून लपवलेला नाही. उजवीकडच्या माहितीचौकटीत एक साल आणि मजकुरात दुसरं असेल तर ते जरूर नोंदवा. लेख पंधरा वेगवेगळ्या हातांनी शिवला गेल्याची ती खूण असते.

श्रेयाचंही असंच. पाजितनोव्ह यांचं नाव सगळीकडे असतं. गेरासिमोव्ह आणि संगणक केंद्रातले सहकारी दिमित्री पाव्लोव्स्की यांची नावं कुठे येतात ते बघा. प्रास्ताविकात आहेत की खाली कुठल्याशा परिच्छेदात? नुसतं ‘मदत केली’ म्हटलंय की काय केलं ते सांगितलंय? इलेक्ट्रॉनिका ६० वर चित्रं काढायची सोयच नव्हती, ठोकळे अक्षरचिन्हांनी, कंसांनी दाखवले जायचे. रंगीत ठोकळ्यांचा, पीसीवर चालणारा आणि फ्लॉपीवरून हातोहात पसरलेला टेट्रिस हा पुढचा टप्पा. त्या टप्प्याचं श्रेय अर्ध्या ओळीत उरकलं असेल तर ते मूल्यमापनात लिहिण्याजोगं आहे.

जाता जाता, प्रास्ताविकात संदर्भाचे आकडे कमी दिसले तर तो दोष धरू नका. विद्यार्थी ही चूक हटकून करतात. खाली मजकुरात संदर्भ दिलेला असेल तर प्रास्ताविकात तो पुन्हा द्यायची सक्ती नाही, असा विकिपीडियाचा संकेत आहे. तपासायचं ते उलटं: प्रास्ताविकातलं प्रत्येक विधान खाली कुठे तरी विस्ताराने आलंय का? वर आहे आणि खाली नाही, असं वाक्य कोणी तरी नंतर वरच्या वर चिकटवलेलं असतं.

सालानंतर मी आकड्यांकडे जाते, आणि इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

टेट्रिस ‘जगातला सर्वाधिक खपलेला व्हिडिओ गेम’ आहे, हे वाक्य तुम्ही वाचलंच असेल. आता विचारा, कुठला टेट्रिस? १९८९ चा, निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावरचा टेट्रिस साडेतीन कोटींच्या आसपास खपला असं मानलं जातं. तो एक ठरावीक कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात खुपसायची खेळाची डबी, त्याची मोजणी करता येते. पण अमेरिकेत आणि युरोपात तो गेम बॉयच्या खोक्यातच यायचा. यंत्र घेतलं की खेळ आपोआप हातात. मग ‘खपला’ या शब्दाचा अर्थ जरा बदलतो ना? लेखाने हे सांगितलंय का ते बघा. दुसरा आकडा मोबाइलचा. पैसे देऊन केलेली डाउनलोड २०१० मध्ये दहा कोटी आणि २०१४ मध्ये साडेबेचाळीस कोटी झाल्याचं जाहीर झालं. हे आकडे हक्कदार कंपनीकडून आलेले आणि अनेक वेगवेगळ्या आवृत्त्यांची बेरीज करून काढलेले. अशी बेरीज एका बाजूला आणि माइनक्राफ्टसारख्या एकाच खेळाचा खप दुसऱ्या बाजूला ठेवून पहिला नंबर कोणाचा हे ठरवायचं, तर मोजायचं माप आधी एक पाहिजे. चांगला लेख इथे ‘सगळ्या आवृत्त्या मिळून’ एवढे तीन शब्द घालतो. त्या तीन शब्दांसाठी मी लेखाला गुण देते.

आकड्यांच्या बाबतीत माझ्या हातून एकदा चूक झाली, ती सांगते, कारण तुम्हालाही ती होऊ शकते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जुन्या आर्केड खेळाच्या लेखात विक्रीचा आकडा विनासंदर्भ होता. ‘संदर्भ हवा’ अशी खूण तिथे दोन वर्षं लटकत होती. मी शोधलं, तर एका मोठ्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत तोच आकडा सापडला. समाधानाने तो संदर्भ जोडला आणि खूण काढली. काही महिन्यांनी दुसऱ्या संपादकाने चर्चापानावर, म्हणजे लेखाबद्दल संपादक बोलतात त्या पानावर, दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या. लेखात आकडा आला होता तो आधी, पुरवणीतला मजकूर छापला गेला नंतर. म्हणजे पुरवणीने आकडा विकिपीडियातून उचललेला आणि मी तोच परत विकिपीडियाचा पुरावा म्हणून लावलेला. मुळात तो आकडा कोणी टाकला, तर एका निनावी वाचकाने, एका ओळीत. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. मधल्या काळात तो लेख वाचून गेलेल्यांना तो आकडा आता छापील आधारासकट मिळाला होता, आणि तो आधार मी दिला होता.

तेव्हापासून माझी एक सवय पक्की झाली. संदर्भाची तारीख बघायची, मग लेखाच्या इतिहासात ते वाक्य पहिल्यांदा कधी आलं ते शोधायचं. वाक्य जुनं आणि संदर्भ नवा असेल तर थांबायचं. तुम्ही हे लेखातल्या फक्त दोन आकड्यांसाठी केलंत तरी तुमचं मूल्यमापन वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा खोल जाईल.

जुन्या खेळांभोवती दंतकथा फार, आणि त्या ऐकायला सगळ्या सारख्याच लागतात. दोन उदाहरणं शेजारी ठेवते. १९७८ मध्ये तैतो कंपनीचा, तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेला स्पेस इन्व्हेडर्स जपानमध्ये इतका चालला की शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, ही एक कथा. दुसरी अशी की १९८३ मध्ये अटारीने न खपलेले ई.टी. खेळाचे कार्ट्रिज न्यू मेक्सिकोत अलामोगोर्डोच्या कचराडेपोत पुरले. दुसरी जास्त अशक्य वाटते ना? पण ती त्याच वर्षी तिथल्या वर्तमानपत्रात बातमी म्हणून आली होती, आणि २०१४ मध्ये उकरल्यावर कार्ट्रिज निघाले. मात्र त्यात एकट्या ई.टी.चे नव्हते, कंपनीच्या इतरही बऱ्याच खेळांचे होते. पहिली कथा वर्षानुवर्षं पुस्तकांतून छापली गेली, पण नाणी पाडण्याचे सरकारी आकडे तिला साथ देत नाहीत. १९७८ मध्ये त्या नाण्यांचं उत्पादन आदल्या वर्षापेक्षा कमीच होतं. शिवाय साधा विचार करा. यंत्राच्या पेटीत पडलेलं नाणं मालक दर आठवड्याला काढून बँकेतच नेणार, ते चलनातून जाईल कुठे? कथा किती ठिकाणी छापली गेली याला महत्त्व नाही. घटना घडली त्या वेळचा एखादा कागद आहे का, याला आहे.

टेट्रिसच्या लेखात ही कसोटी कुठे लावाल? ‘पहिला’ हा शब्द दिसेल तिथे. अंतराळात खेळला गेलेला पहिला व्हिडिओ गेम हे त्यातलं एक विधान. अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव्ह यांनी १९९३ मध्ये गेम बॉय आणि टेट्रिस मीर स्थानकावर नेला, ही माहिती चांगली आहे. पण ‘नेला’ आणि ‘पहिला’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि दोन्हींना आधार स्वतंत्र हवा. दुसरं उदाहरण ताजं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाने ‘टेट्रिस जिंकला’ अशा बातम्या जगभर झळकल्या. नेमकं काय झालं? निन्टेन्डो एन्टरटेनमेन्ट सिस्टिम या टीव्हीला जोडायच्या यंत्रावरच्या १९८९ च्या आवृत्तीत तो १५७ व्या पातळीवर पोहोचला आणि खेळ गोठला, पुढे चालेनाच. त्या आवृत्तीत असं करणारा तो पहिला माणूस. पराक्रम मोठाच आहे, पण तो एका आवृत्तीतला आहे. लेखात ‘टेट्रिस जिंकणारा पहिला’ एवढंच असेल तर बातमीचा मथळा जसाच्या तसा आत आलाय हे ओळखा.

यातूनच पुढचा मुद्दा निघतो, जो टेट्रिसबाबत विशेष महत्त्वाचा आहे. हा एक खेळ नाही, खेळांचं मोठं खानदान आहे. सात आकार, चार चौकोनांचा एकेक. ओळ भरली की नाहीशी होते, एवढं सगळ्यांत समान. पण पडत असलेला ठोकळा नंतरसाठी राखून ठेवायची सोय, खाली कुठे पडेल ते दाखवणारी सावली, सातही आकार एकदा येऊन गेल्याशिवाय दुसरी फेरी सुरू न होणं, हे सगळं खूप नंतरच्या आवृत्त्यांत आलं. जुन्या आवृत्त्यांत उभ्या काडीची वाट बघत माणूस हरायचा, कारण ती किती वेळ येणार नाही याला काही मर्यादाच नव्हती. खेळाच्या वर्णनाचा भाग वाचताना हे तपासा: कुठल्या आवृत्तीबद्दल बोलणं चाललंय? आजच्या मोबाइलवरचे नियम मूळ खेळाला चिकटवलेत का? चित्रांखालच्या ओळीही वाचा. मूळ आवृत्ती म्हणून दिलेलं चित्र त्या यंत्राचं आहे की नंतर कोणी तरी पुन्हा घडवलेलं, हे चित्राखाली लिहिलेलं असायला हवं.

आणि वर्णन किती हवं? विकिपीडियाचा स्पष्ट नियम आहे की लेख म्हणजे खेळायची मार्गदर्शिका नव्हे. ज्याने कधी टेट्रिस पाहिलाच नाही त्याला खेळ कळावा, इतपत पुरे. कुठल्या चालीला किती गुण याचे तक्ते सुरू झाले की तो भाग चाहत्यांच्या संकेतस्थळाचा होतो.

हक्कांच्या भांडणाचा भाग बहुतेक लेखांत सगळ्यात रंगतदार असतो, म्हणून तिथे सावध राहा. १९८९ च्या फेब्रुवारीत निन्टेन्डोच्या बाजूने आलेले हेंक रॉजर्स, आधीच हक्क घेऊन पुढे विकणारे रॉबर्ट स्टाइन आणि ब्रिटिश प्रकाशनसमूहाचे केविन मॅक्सवेल असे तिघे वेगवेगळ्या वाटांनी मॉस्कोत पोहोचले आणि खेळाचे परदेशी हक्क विकणाऱ्या एलोर्ग या सरकारी संस्थेच्या निकोलाय बेलिकोव्ह यांच्याशी वेगवेगळे बोलले. सगळा खेळ एका व्याख्येवर फिरला. बेलिकोव्ह यांनी स्टाइनच्या करारात ‘संगणक’ म्हणजे काय ते लिहून घेतलं: प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम. टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल त्यात बसत नव्हता. म्हणजे स्टाइनकडे कन्सोलचे हक्क नव्हतेच, आणि त्यांच्यामार्फत साखळीने पुढे गेलेल्या हक्कांवर अटारी गेम्सने टेंगेन या नावाने बाजारात आणलेली आवृत्ती जून १९८९ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने थांबली. हे एवढं सोपं आणि नेमकं लेखात सांगितलंय का, की नुसती नावांची आणि कंपन्यांची रांग आहे? वाचून तुम्हाला ‘भांडण नक्की कशावर होतं’ हे एका वाक्यात सांगता आलं नाही, तर तो लेखाचा दोष आहे, आणि तो नि:शंकपणे लिहा.

या भागाबद्दल आणखी एक. २०२३ मध्ये या प्रकरणावर चित्रपट आला, आणि त्यातला मॉस्कोच्या रस्त्यांवरचा गाड्यांचा पाठलाग रचलेला आहे. चित्रपट पाहून आलेले उत्साही वाचक अशा गोष्टी लेखात घालतात. म्हणून इतिहासाच्या पानावर २०२३ च्या वसंतातले बदल एकदा नजरेखालून घाला.

लेखात काय आहे ते बघून झालं की काय नाही ते बघायचं. ही सगळ्यात अवघड पायरी, कारण नसलेली गोष्ट दिसत नाही. माझ्या पद्धतीने मी विचारते, या खेळाशी संबंध आलेली माणसं कोणकोण, आणि त्यातली कोण इथे नाहीत? टेट्रिसच्या लेखांत मॉस्को, टोकियो, लंडन, अमेरिका भरपूर असतात. पण नव्वदच्या दशकात आपल्याकडे हा खेळ घराघरांत आला तो टेट्रिस या नावाने नाहीच. तो ‘ब्रिक गेम’ म्हणून आला, सेलवर चालणारा, करड्या पडद्याचा, खोक्यावर ‘९९९९ इन १’ असं छापलेला. जत्रेतल्या स्टॉलवर, एसटी स्टँडबाहेर, खेळण्यांच्या दुकानात मिळायचा. माझ्या भाच्याने तो दिवाळीच्या सुट्टीत सेल संपेपर्यंत खेळलेला मला आठवतो. त्या पिढीतल्या पुष्कळांना टेट्रिस हे नाव नंतर कळलं. या विनापरवाना हातगेमांची दखल लेखात किती आहे?

पण इथे एक शिस्त पाळावी लागते, आणि ती मलाही जड जाते. माझी आठवण हा संदर्भ नाही. भाच्याची गोष्ट मी इथे सांगू शकते, लेखात घालू शकत नाही. त्या काळच्या एखाद्या मराठी वर्तमानपत्रातली खेळण्यांच्या बाजारावरची बातमी किंवा एखादा अभ्यासलेख मिळाला, तरच ती गोष्ट लेखात जाईल. तुमच्या मूल्यमापनात मात्र ही उणीव जरूर येऊ द्या, आणि ती भरायला कुठला आधार लागेल तेही लिहा. ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली असतात. त्या चाळायला माणसंच कमी आहेत.

समीक्षेच्या भागात एकच गोष्ट बघा. त्या वेळच्या परीक्षणांतली मतं आणि तीस वर्षांनी काढलेल्या ‘सर्वकालीन श्रेष्ठ’ याद्या एकाच परिच्छेदात कालवल्यात का? १९८८ मध्ये समीक्षकाने काय लिहिलं ते वेगळं, आणि आज आदराने काय म्हटलं जातं ते वेगळं. ‘क्रांतिकारक’, ‘अजरामर’ असे शब्द लेखाच्या स्वतःच्या आवाजात आले असतील तर खूण करा. कोणा समीक्षकाच्या नावावर असतील तर चालतील.

शास्त्राचे दावे थोडे असतात, पण तपासायला सोपे, कारण मूळ निबंध सापडतात. फक्त S आणि Z आकाराचे ठोकळे आलटून पालटून येत राहिले तर खेळ शेवटी संपतोच, हे हायडी बर्गिएल यांनी १९९७ मध्ये दाखवलं. यावरून कोणी ‘टेट्रिस कधीच जिंकता येत नाही असं सिद्ध झालंय’ एवढंच लिहिलं असेल तर मूळ निबंध उघडा आणि अटी वाचा.

लेखाच्या मागच्या खोल्यांत पटकन डोकावून या. चर्चापानावर लेखाचा दर्जा लिहिलेला असतो, आणि इंग्रजी विकिपीडियावर व्हिडिओ गेमवर काम करणाऱ्या संपादकांचा एक गट असे लेख बघतो. कुठली संकेतस्थळं आणि मासिकं विश्वासार्ह मानायची याची त्यांची यादीही आहे. लेखातले दहा संदर्भ त्या यादीशी ताडून बघा. दर्जा मात्र कधी दिला गेला ती तारीख बघा. दहा वर्षांपूर्वी मिळालेला उत्तम लेखाचा तारा आजच्या मजकुराची हमी देत नाही. चर्चापानावर भांडणं दिसली तर लेख वाईट असं समजू नका. मला उलट शांत चर्चापानाची जास्त काळजी वाटते.

लिहायला बसाल तेव्हा सगळा लेख कवेत घेऊ नका. साल, श्रेय, दोन विक्रीचे आकडे, एक ‘पहिला’वाला दावा आणि हक्कांच्या भांडणातलं एक वाक्य, अशी सहा विधानं निवडा. प्रत्येकाचा संदर्भ उघडा, उघडत नसेल तर तसं लिहा, आणि संदर्भात खरोखर तेच म्हटलंय का ते शब्दाला शब्द लावून बघा. मग एक परिच्छेद नसलेल्या गोष्टींवर. एवढ्यात तुमची पानं भरतील, आणि त्यात एकही वाक्य ‘लेख माहितीपूर्ण आहे’ या छापाचं लागणार नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की चूक सापडलीच तर स्वतः दुरुस्त करू का. करा, पण आधी चर्चापानावर दोन ओळी लिहा: कुठलं वाक्य, काय अडचण, तुमच्याकडे कुठला आधार. आठवडाभर वाट बघा. इंग्रजीत लिहायचा संकोच वाटत असेल तर मराठी विकिपीडियावर टेट्रिसच्या लेखाची अवस्था बघा आणि तिथून सुरुवात करा. खाते उघडलं की धूळपाटी, म्हणजे सरावाचं पान, मिळते. सालाबद्दलचा परिच्छेद, दोन्ही बाजू आणि दोन्ही आधारांसकट, आधी तिथे लिहून बघा, आणि दुवा इथे टाका. मी वाचून सांगते.